टेकूचं कुंकू

थापी खाली आली आणि तिला काही लागलंच नाही. गच्चीवरचा कोबा चोपताना जो मार मनगटातून खांद्यापर्यंत परत येतो, तो आला नाही. माझ्यासमोरचा ओला कोबा एका अंगाला कलला, हातावरची भाकरी तव्यात सोडताना घसरते तसा घसरला, आणि समोरच्या रांगेत बसलेली शांता कमरेपर्यंत दिसेनाशी झाली. तिची थापी अजून वर उचललेली होती, तोंड उघडं होतं, गाण्याची ओळ अर्धीच राहिली होती. मग धूळ आली आणि सगळ्यात शेवटी आवाज आला. आवाज आधी येतो असं मला वाटायचं. तसं नसतं. आधी जागा रिकामी होते.

मी शांताचा दंड धरला. तिचे पाय खालच्या तुळईच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते, म्हणून ती अडकून राहिली. बाकीच्या बायका गुडघ्यांवर रांगत भिंतीकडे सरकल्या. चुना, गूळ आणि शंभर वर्षं बंद असलेल्या लाकडाचा भुसा, या तिन्हींचा मिळून एक वास खालून वर आला. गोड आणि कुजका. तो वास मला पुन्हा कुठेही आला नाही. खाली कुणीतरी एकदा खोकलं. खालच्या खोलीत चुलीपाशी म्हातारी आवडाबाई असते, हे आम्हाला माहीत होतं. पण आमचा सुतार बाळा मेस्त्रीही आत गेलाय, हे अंगणातून मुकादम ओरडला तेव्हा कळलं. तो डोक्यावर हात ठेवून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आत्ताच आत गेला रे बाळा, आत्ताच गेला."

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा अंधेरीच्या पूर्वेला कारखान्यांच्या शेडांमध्ये अधूनमधून भातखाचरं शिल्लक होती. वाऱ्याची दिशा बदलली की औषधाच्या कारखान्याचा वास जाऊन म्हशींच्या गोठ्याचा यायचा. डोक्यावरून विमान इतकं खालून जायचं की कौलं थरथरायची, आणि खाली ताडावर मडकी बांधलेली असायची. मुंबई म्हणायचं तर मुंबई, गाव म्हणायचं तर गाव. एका जुन्या धर्मादाय संस्थेच्या मालकीची काही घरं त्या भागात विखुरलेली होती. इथे एक धर्मशाळा, बोरिवलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक कोठार, मुलुंडला विहीर आणि तिच्या काठावरचं राखणदाराचं घर. सगळी गावठाणातली, चुन्याची, दगडाची आणि सागाची. ती पडू द्यायची नाहीत, एवढंच आमच्या टोळीचं काम. नवं काही बांधायचं नाही. जे आहे ते आहे तसंच उभं ठेवायचं. लोकांना वाटतं, बांधणं कठीण. बांधणाऱ्याच्या हातात सगळं नवं असतं. जुनं सांभाळणाऱ्याला आधीच्या माणसाने काय केलंय, आणि काय करायचं ठेवलंय, ते दोन्ही निस्तरावं लागतं.

मी चौथीपर्यंत शिकले आणि मग चुन्यात आले. आमच्या घाटावरच्या गावात आईसुद्धा हेच करायची. चुन्याची घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. चाकाखाली वाळू, चुना आणि विटांचा भुगा दळला जायचा, आणि त्याच्या मागेमागे एक बाई पाणी शिंपत चालायची. चुना चांगला दळला गेला की त्याला लोण्यासारखी तकाकी येते. हाताला मात्र तो लोण्यासारखा नसतो. बोटांच्या पेरांना चिरा पडतात, रात्री खोबरेल लावून झोपायचं, सकाळी पुन्हा तेच. वाकोल्याला आम्ही राहायचो त्या चाळीत नळावर बायका माझे हात बघून बाजूला सरकायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. पाणी लवकर मिळायचं.

कोब्याचं काम फाल्गुनात सुरू व्हायचं, कारण त्याला हळूहळू वाळवायला कोरडे दिवस लागतात. विटांचे बारीक तुकडे आणि चुना एकत्र करून गच्चीवर वीतभर जाडीचा थर द्यायचा, आणि मग आम्ही बायकांनी दोन रांगांत समोरासमोर उकिडवं बसून लाकडी थापीने तो चोपायचा. गुळाचं पाणी शिंपडत चोपायचा. मुंगळे यायचे, माश्या यायच्या, पलीकडच्या शेवरीचा कापूस उडत येऊन ओल्या कोब्यावर चिकटायचा, आणि आम्ही तोही आतच चोपून टाकायचो. आज त्या गच्च्या कुणी फोडल्या तर आत कापूस सापडेल. कोबा कच्चा असतो तोवर थापीचा आवाज बद्द येतो. पक्का होत गेला की तो वर चढतो, आणि शेवटी पितळेच्या भांड्यासारखा वाजायला लागतो. हा आवाज येईपर्यंत कितीही दिवस लागोत, चोपायचंच.

थापी एकसारखी पडावी म्हणून गाणं. गाणं शांता सांगायची आणि आम्ही मागून म्हणायचो. शांता माझ्याच वयाची, काळी, उंच, दात पुढे आलेले, आणि जीभ अशी की दुपारपर्यंत मुकादमाच्या पोटावर तीन कडवी झालेली असायची. मुकादम छत्री घेऊन खाली उभा राहायचा आणि ऐकू येत नसल्यासारखं करायचा. एकदा त्याने खालून विचारलं, की गाण्यात माझं नाव का येतंय. शांता म्हणाली, "मुकादम, देवाचं नाव घेऊन घेऊन संपलं." बाळा मेस्त्री त्या दिवशी इतका हसला की त्याच्या हातातून लाकूड तासायचा किकरा पडला.

बाळा आणि अनंत हे दोघे भाऊ आमच्या टोळीतले सुतार. मालवणकडचे. मोठा अनंत कमी बोलायचा, धाकटा बाळा दोघांचं बोलायचा. खारदांड्याला एका खोलीत दोघांची बिऱ्हाडं होती, मध्ये पडदा. अनंतचं लग्न झालं होतं पण बायको गावाला शेतीपाशी. बाळाची बायको इथेच असायची, आणि तीच दोघांचे डबे भरायची. त्या दोघांच्या कामाची एक रीत होती, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

धर्मशाळेच्या पुढच्या पडवीवरची सपाट गच्ची गळत होती. जुना कोबा काढल्यावर दिसलं की दोन तुळयांची डोकी भिंतीत कुजलीत. अनंतने कुजलेला भाग कापून तिथे नवा साग जोडला. पण नवा जोड आणि वरचा ओला कोबा दोन्ही पक्के होईपर्यंत तुळयांना खालून आधार हवा. म्हणून सागाचेच जाड टेकू उभे केले होते आणि प्रत्येक टेकूच्या पायाखाली दोन पाचरी ठोकल्या होत्या. आता गंमत अशी की वर आम्ही जितकं चोपायचो, तितक्या खाली पाचरी सैल व्हायच्या. शिवाय ऊन. लाकूड सुकून आकसतं. म्हणून रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक टेकूच्या पाचरी ठोकून घट्ट करायच्या. दोघा भावांतला जो आधी येईल तो ठोकायचा, आणि ठोकला की त्या टेकूला छातीच्या उंचीवर कुंकवाची टिकली लावायची. टिकली दिसली म्हणजे तो टेकू आज ठोकलेला आहे. दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण जास्त ठोकलं तर टेकू तुळईला वर ढकलतो आणि जोड उघडतो. संध्याकाळी काम सुटताना ओल्या फडक्याने सगळ्या टिकल्या पुसून टाकायच्या, म्हणजे सकाळी पुन्हा कोरा टेकू. त्यांचे वडील असंच करायचे. हत्यारांना कुंकू लावतात तसं ते सुरू झालं असेल आणि पुढे त्याची खूण झाली असेल. कुंकवाची पत्र्याची डबी पडवीतल्या कोनाड्यात ठेवलेली असायची.

आवडाबाई त्या पडवीच्या टोकाच्या खोलीत राहायची. तिचा नवरा धर्मशाळेचा राखणदार होता. तो गेल्यावर संस्थेने तिला राहू दिलं होतं. झाडलोट करायची, दिवा लावायचा, आणि राहायचं. कागद नव्हता, हक्क नव्हता, कुणी जा म्हटलं असतं तर जावं लागलं असतं. काम सुरू झालं तेव्हा मुकादमाने तिला खोली सोडायला सांगितली होती. तिने विचारलं, "सोडून बसू कुठं, तुझ्या डोक्यावर?" आणि राहिली. तिच्या खोलीवरही तीच गच्ची असल्यामुळे एक टेकू तिच्या चुलीजवळच्या कोपऱ्यात आला, उशापासून हातभर. ती म्हातारी बारीक, पाठीत वाकलेली, केस आखूड. पांढऱ्या कपाळाची. त्या काळात विधवेने कुंकवाच्या डबीला हात लावायचा नाही, हे सांगावं लागत नव्हतं. माझाही नवरा तोवर गेलेला होता, पण मी कुंकू सोडलं नव्हतं. बिनकुंकवाच्या बाईला कामावर कोण काय बोलतं ते मी पाहिलं होतं, आणि मला रोज कुणाशी भांडत बसायला वेळ नव्हता. आवडाबाई माझ्या कपाळाकडे बघायची. तिला माहीत होतं. बोलली कधीच नाही.

बाळा मात्र तिच्याशी सारखा बोलायचा. तिच्या चुलीवर आपला डबा गरम करायचा, तिच्या भाकरीतला तुकडा मोडून घ्यायचा, आणि वर मला ओरडून सांगायचा, "अगो ठकू, हळू मार, म्हातारेची भाकरी करपतली." ती त्याला मेल्या म्हणायची. संध्याकाळी फडकं घेऊन तो टिकल्या पुसायला यायचा, तेव्हा ती चुलीपाशी बसून बघत असायची. मी एकदोनदा पाहिलं होतं. तो शीळ घालत पुसायचा, एका फटक्यात एक टिकली. ती तोंड फिरवायची. मला वाटलं चुलीचा धूर डोळ्यांत गेला असेल.

त्या सकाळी चैत्र नुकता लागला होता. धर्मशाळेमागच्या चिंचेला कोवळी पालवी होती, तिच्यातून येणारं ऊन हिरवट दिसायचं. कोबा पक्का होत आला होता, थापी चढ्या आवाजात वाजत होती, फक्त टोकाच्या कोपऱ्यात अजून बद्द येत होतं. शांता म्हणाली, हा कोपरा सासूसारखा आहे, कितीही करा, बोलतच नाही. आम्ही तिथे जास्त बसलो, जास्त चोपलं. तेव्हा खाली काय होत होतं ते नंतर मुकादमाने सांगितलं. बाळा अंगणात रंधा मारत होता. त्याला आतून लाकडाची कुरकुर ऐकू आली. त्याने हातोडा घेतला आणि आत धावला, जाताना वर तोंड करून थांबा म्हणून ओरडला. आमच्या थापीत आणि गाण्यात ते आम्हाला ऐकू आलं नाही. कोबा चोपताना रांग अर्ध्यावर सोडायची नसते, तिथे सांधा राहतो आणि पुढे पाणी धरतो. त्यामुळे ऐकू आलं असतं तर आम्ही थांबलो असतो की रांग पुरी करून थांबलो असतो, हे मी आज खात्रीने सांगू शकत नाही.

ढिगारा उपसायला सगळे लागले. अनंत सगळ्यांत पुढे. तो नुसता फळ्या बाजूला टाकत होता. आधी आवडाबाई सापडली. टेकू आडवा होऊन पडताना चुलीच्या ओट्याला आणि भिंतीला अडकला होता, आणि त्याच्याखाली जी तिरकी पोकळी राहिली त्यात ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. फळ्या टेकूवर, कोबा फळ्यांवर. तिच्या अंगावर फक्त धूळ. मी तिला काखेत हात घालून ओढलं. तिच्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट लाल होतं. मी म्हटलं रक्त. हौदापाशी नेऊन बोट पाण्यात धरलं तर लाल रंग सुटला आणि खाली जखम नव्हती. कुंकू होतं. मी ते बोट तसंच हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात मागे अनंतचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज होता. बाळा टेकूच्या दुसऱ्या बाजूला होता. हातोडा हातात होता. तोंडावर काही लागलं नव्हतं, छाती दबली होती.

शांताचा घोटा मोडला होता. तिला आणि आवडाबाईला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. शांताला आत घेतलं. आवडाबाईला काही झालं नव्हतं, पण नजरेखाली असावी म्हणून बाकावर बसवून ठेवलं होतं. मी शेजारी बसले. फिनेलचा वास, भिंतीला निळा रंग, पंख्याची फिरती सावली जमिनीवर. मग ती आपणहून बोलली.

"तो पोरगा रोज सांजच्याला त्या टेकूचं कुंकू पुसायचा गं. पुसायचा नि शीळ घालत जायचा. रात्रभर तो बिचारा बोडक्या कपाळानं माझ्या उशाशी उभा. मला बघवंना. मग पहाटे मीच लावायची, कुणी उठायच्या आत."

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, झाले की बरेच दिवस. मग माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "कुणाला सांगू नको हां. रांडमुंड बाई कुंकवाला शिवते म्हटल्यावर लोक काय म्हणतील." आणि मग, "त्या टेकूनंच वाचवलं बघ मला. पडता पडता माझ्यावर वाकला."

तेव्हा मला सगळं एका जागी दिसलं. बाळा आधी आला की कोपऱ्यातला टेकू रंगलेला बघून समजायचा, दादा येऊन चहाला गेला असेल. अनंत आधी आला की त्याला वाटायचं, आज बाळाने माझ्या आधी सुरुवात केली. दोघे भाऊ एकमेकांवर विश्वास ठेवून त्या एका टेकूला वगळून जायचे, आणि वरून आम्ही चोपत होतो. कुणी कामात चुकारपणा केला नव्हता. एका म्हातारीला एका लाकडाची दया आली होती. तिचं कपाळ पुसलं तेव्हा तिला पुन्हा लावणारं कुणी नव्हतं, हे मी माझ्या मनाचं सांगते. ती तसं बोलली नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, संस्थेचा माणूस आला. टेकू ठोकले होते का, एवढाच प्रश्न. सगळ्या टेकूंवर टिकल्या होत्या. त्या सकाळी बाळा आधी आला होता हे मुकादमाने पाहिलं होतं. म्हणजे टिकल्या बाळाच्या. म्हणजे त्याने कोपऱ्यातल्या टेकूला टिकली लावली आणि ठोकलं नाही. मुकादम वाईट माणूस नव्हता, पण त्याला आपली बाजू राखायची होती. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "टिकली लावायला बोट लागतं, ठोकायला अंग लागतं." चांगलं वाक्य होतं, म्हणून पसरलं. जी माणसं बाळाच्या विनोदांवर हसायची तीही म्हणायला लागली की तो जरा थिल्लरच होता. दिवसकार्याला बाळाची बायको भिंतीला टेकून बसली होती. ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिने मला विचारलं, ठकूताई, खरंच ठोकलं नाही का त्यांनी. मी म्हटलं, विचारून सांगते. हे उत्तर नव्हतं, मला माहीत आहे.

त्यानंतर अनंत कामावर आला त्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. तो चिंचेखाली नव्या तुळईला रंधा मारत होता. सालींच्या हलक्या गुंडाळ्या पायापाशी पडत होत्या, सागाचा तेलकट वास सुटला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोट, हौद, बाक, पहाट. शब्द वाढवले नाहीत. त्याने रंधा थांबवला, रंध्याच्या तोंडातली साल फुंकून काढली, आणि एकच विचारलं.

"तिका ठावक आसा?"

मी म्हटलं, नाही. तिला वाटतंय टेकूने तिला वाचवलं.

त्याने धर्मशाळेच्या दाराकडे पाहिलं. आवडाबाई तिथे उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मग म्हणाला, "तिका सांगू नको. कळला तर म्हातारी रवाची नाय."

मी म्हटलं, मेस्त्री, म्हातारीचा जीव जपायचा ते ठीक आहे, पण तुमच्या भावाचं काय. त्याची बायको तोंड कुठे दाखवणार. तो म्हणाला, "बाळाचा मी बघतंय," आणि पुन्हा रंधा मारायला लागला.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस आला होता. आम्ही सगळे अंगणात होतो. अनंत मुकादमापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी पयलो मी इलंय. कोपऱ्यातली टिकली माझी. ठोकूक इसारलंय. मगे तसोच भायर गेलंय." मुकादम काहीतरी म्हणायला गेला, की मी तर बाळाला पाहिलं, पण अनंतच्या तोंडाकडे बघून थांबला. कदाचित त्यालाही ते सोयीचं वाटलं असेल. संस्थेच्या माणसाने मान हलवली. मी अनंतकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

माणूस एखादी गोष्ट स्वतःवर घेतो तेव्हा लोक म्हणतात केवढं मोठं मन. मला ते तितकं साधं वाटत नाही. त्याने एका म्हातारीला आणि एका मेलेल्या भावाला एकाच वाक्यात झाकलं, खरं. पण ते वाक्य त्याच्या घरात गेलं तेव्हा तिथे आग लागली. बाळाच्या बायकोचा नवरा निर्दोष ठरला आणि थोरला दीर मारेकरी. तिने खोलीतल्या पडद्याच्या आपल्या बाजूचं सामान बांधलं आणि बाळाची हत्यारांची पेटी घेऊन गावाला गेली. त्याच्याशी पुन्हा बोलली नाही, तो गावाला गेला तर ती अंगणातून आत निघून जायची. मी एकदा त्याला म्हटलं, निदान तिला तरी सांगा. तो म्हणाला, ती गावात राहते, गावातल्या बाईला माहीत झालं की अंधेरीला कळायला किती वेळ. मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. पण तोंड माझं होतं तरी गोष्ट त्याची होती, म्हणून मी गप्प राहिले.

टेकू लावायचं काम संस्थेने त्याच्याकडून काढून घेतलं. मग हळूहळू बाकीचंही. नवीन सुतार आला त्याने कुंकू बंद केलं आणि खडूने फुली मारायला सुरुवात केली. संध्याकाळी खडू पुसला तर कुणाला काही वाटत नाही. आम्ही कोबा पुन्हा घातला, पुन्हा चोपला. शांता घोट्यामुळे उकिडवं बसू शकत नव्हती, तिला खाली गूळ भिजवायला ठेवलं होतं. ती खालूनच गाणं सांगायची. मुकादमावरची कडवी मात्र तिने सोडून दिली होती. ती नसलेलीच त्याला जास्त ऐकू येत असावीत, कारण तो छत्री मिटून लांब जाऊन उभा राहायचा.

पुढे बरीच वर्षं त्या बाजूला माझं जाणं झालं नाही. एकदा मरोळला कुणाच्या लग्नाला गेले होते, तिथून वाट वाकडी करून गेले. भातखाचरांच्या जागी चार मजली इमारती, ताड गेलेले, चिंच होती. धर्मशाळा उभी होती. आमचा कोबा गळत नव्हता, हे मी आधी पाहिलं. आवडाबाई आणखी वाकली होती पण मला आवाजावरून ओळखलं. चुलीच्या जागी स्टोव्ह आला होता. आणि कोपऱ्यात तो टेकू उभा होता. त्याच्यावर आता काही भार नव्हता, वरची तुळई आपल्या पायावर उभी होती. तिने तो नेऊ दिला नव्हता, आणि कुणी आग्रहही केला नव्हता. त्याच्या छातीच्या उंचीवर कुंकवाचा थरावर थर साचून बोटभर जाड, काळपट लाल गाठ झाली होती. पुसायला आता कुणी येत नव्हतं. ती माझ्यासमोरच उठली, कोनाड्यातून डबी घेतली, तेच करंगळीजवळचं बोट बुडवलं आणि लावलं. कुणी काय म्हणेल म्हणून तिने मागे वळून पाहिलं नाही. म्हातारपणी तेवढं सुटतं.

"तो मेला बाळा असता तर पुसलं असतं त्यानं," ती म्हणाली. "चांगला होता पोरगा. घाई फार."

मग टेकूवरून हात फिरवत म्हणाली, "यानंच वाचवलं गं मला." मी म्हटलं, हो मावशी. खोटं नव्हतं ते. तो टेकू खरंच तिच्यावर वाकून पडला होता. तो सैल नसता तर पडला नसता, आणि पडला नसता तर वाचवायची वेळच आली नसती, पण हे सगळं एका वाक्यात मावत नाही, आणि तिने तेवढंच विचारलं होतं. बाहेर आले तेव्हा संध्याकाळचं तिरपं ऊन गच्चीच्या काठावर होतं. मी काठावरच्या कोब्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. पितळेसारखा वाजला.

अनंत गावाला गेला तो तिकडेच वारला. त्याच्या भावजयीने अग्नी द्यायला आपल्या मुलाला पाठवलं नाही, असं शांताकडून कळलं. आवडाबाईही पुढे गेली, झोपेत. आता सांगितलं तर कुणाचं काही जात नाही, म्हणून सांगितलं. आणि कुणाला काही मिळतही नाही, हेही मला दिसतं.

गच्ची पडली तेव्हा खाली दोन माणसं होती. बाळा मेस्त्री गेला. आवडाबाई वाचली.